पावशेर भाजी आणि बाल्कनीतलं मडकं

वारज्याहून आलेलं एक पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मावशी, लग्नाला तीन वर्षं झाली. आम्ही दोघंही नोकरी करतो, घरी यायला आठ वाजतात. गेल्या वर्षी मी ठरवलं की आपल्या घरातून कमीत कमी कचरा बाहेर जायला हवा. मग काचेच्या बरण्या, बांबूचे ब्रश, स्टीलच्या स्ट्रॉ, बाल्कनीत ठेवायला तीन मडक्यांचा खताचा संच असं सगळं आणलं. खर्चही बराच झाला. आता पावसात मडक्यांना असा वास सुटलाय की शेजारच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली. आत पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसल्या. रविवारी ॲपवरून आठवड्याची भाजी मागवते, ती निम्मी गुरुवारपर्यंत फ्रीजमध्ये सडते आणि मडक्यात जाते. नवरा म्हणतो, हे तुझं फॅड आहे. सासूबाई मंगळवेढ्याहून दोन महिन्यांसाठी आल्यात. त्या बघतात आणि हसतात, 'ह्यात नवीन काय गं? आमी काय येगळं करत हुतो व्हय?' ऋतूप्रमाणे खावं असं सगळे सांगतात, पण आठ वाजता घरी आल्यावर नक्की करायचं काय, हे कुणी सांगत नाही. सगळं बंदच करून टाकू का? – कंटाळलेली, वारजे"

तू मला मावशी म्हटलंस, म्हणजे मीही अगंतुगंच करणार.

सगळं नको, निम्मं बंद कर. त्यात पहिली ती रविवारची ऑर्डर. मडक्याच्या वासाबद्दल तू सविस्तर लिहिलं आहेस आणि भाजी सडते हे जाता जाता. मला घोटाळा तिथेच दिसतो. मडकं बिचारं शेवटच्या पायरीवर आहे. फ्रीजमधून जे काही हरून येतं ते त्याच्या डोक्यावर पडतं. दोन माणसांच्या घरात (आता तीन) खताला जायच्या त्या भाज्यांच्या साली, देठं, चहाचा चोथा. अख्खी मेथीची जुडी गेली, तर ते खत नाही, ते पैसे आहेत. शिवाय ती मेथी पिकवायला लागलेलं पाणी, आणायला लागलेलं डिझेल, फ्रीजमध्ये चार दिवस गार ठेवायची वीज, सगळं त्या मडक्यात गेलं. त्यावर बांबूच्या ब्रशने दात घासून काही भरपाई होत नाही.

सासूबाईंचं हसणं मनावर घेऊ नकोस, पण त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्यांच्या घरी कचरा होत नव्हता, कारण दारात गोठा होता आणि परसात उकिरडा. उरलेली आमटी-भाकरी जनावराच्या पाटीत, साली शेळीपुढे, राख भांड्यांना, राहिलं ते उकिरड्यावर, आणि उन्हाळ्यात ते शेतात. तिथे भाजी दुप्पट आली तरी कुठे ना कुठे जिरायची. तुझ्याकडे चौथ्या मजल्यावर ना म्हैस ना परस. त्यांच्या सवयी तुला जशाच्या तशा चालायच्या नाहीत, आणि त्यांनाही तुझ्या बाल्कनीत काय करावं ते सुचत नसणार, म्हणून हसतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याच्या हातात खरं तर एकच गोष्ट उरते, ती म्हणजे किती आणायचं.

तेव्हा तीन दिवसांपुरतीच भाजी आण आणि पावशेरात आण. पुण्यात अजून पावशेर मागितलं तर कुणी भुवया उंचावत नाही, हे या शहराचं फार मोठं सुख आहे. ॲपवर तोंडली अर्ध्या किलोच्या पाकिटात येतात, ते पाकीट प्लास्टिकचं, आणि अर्धा किलो तोंडली दोघांना तीनदा पुरतात. तिसऱ्यांदा कुणी खात नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे तूच पावशेर निवडून घेणार, वर चार मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी मिळणार. कापडी पिशवी पर्समध्ये घडी करून ठेव. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना 2018 च्या मार्चमध्ये निघाली, तरी ओल्या कोथिंबिरीला पातळ पिशवी अजून आपोआप पुढे येते. "नको" म्हणायला अर्धा सेकंद आधी तयार राहावं लागतं. शनिवारी-रविवारी जवळपास शेतकरी आठवडे बाजार भरत असेल तर तिथे जा. मंडईत मात्र महिन्यातून एकदा, मजेसाठी जावं. रोजच्या भाजीसाठी वारज्याहून मंडईत जाणं म्हणजे पेट्रोल जाळून पर्यावरण वाचवणं.

घेताना दोन गट डोक्यात ठेव. दम धरणाऱ्या: लाल भोपळा, सुरण, दुधी, तोंडली, बटाटे. दम न धरणाऱ्या: सगळ्या पालेभाज्या, कोथिंबीर, भेंडी. पालेभाजी आणली त्याच रात्री झाली पाहिजे. उद्या जमेल असं वाटत असेल तर घेऊच नको. आणि या दिवसांत तर पालेभाजीच्या फार मागे लागू नये. मेथी-पालकाच्या जुड्या चिखलाने माखलेल्या असतात, महाग असतात, आतून लिबलिबीत होतात. तू गुरुवारी जी सडलेली बाहेर काढतेस ती बहुतेक हीच असणार. मेथीचे दिवस थंडीत. तेव्हा ती स्वस्त आणि टवटवीत मिळते आणि दोन दिवस राहतेसुद्धा. "ऋतूप्रमाणे खा" याचा आपल्यासारख्या नोकरदारांच्या घरातला अर्थ माझ्या मते एवढाच: सध्या जे भाजीवालीकडे ढिगाने आहे, स्वस्त आहे आणि ताजं दिसतंय, ते घ्या. आयुर्वेदाचा ग्रंथ उघडायची गरज नाही.

यादी हवीच असेल तर भिंतीवरचं कालनिर्णय बघ. आपले सण म्हणजे निम्मे स्वयंपाकघराचे हिशेब आहेत. आषाढातली कांदेनवमी घे. एकादशीच्या आधी, चातुर्मासात कांदा-लसूण सोडायचं म्हणून त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याची भाजी. कारण धर्माचं सांगतात, पण उन्हाळ्यात भरलेला कांदा पावसाळी दमटपणात मऊ पडतो, त्याला कोंब येतात, हे ज्या बाईने घर चालवलं तिला ठाऊक होतं. साठा नासायच्या आत खाऊन संपवायचा सणच आहे तो. भाद्रपदात ऋषिपंचमीची भाजी: अळू, भोपळा, सुरण, दोडका, भेंडी, मक्याचं कणीस, लाल माठ, काकडी. त्या आठवड्यात बाजारात जे असतं ते सगळं एका पातेल्यात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी, त्यात हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, वांगी, गाजर, घेवडा, वर तीळ, सोबत बाजरीची भाकरी. म्हणजे पौषातला बाजार. वर्षाचा आराखडा हाच, कुणी वेगळा कोर्स विकत असेल तर घेऊ नकोस.

आता आठ वाजताचं बघू. हा तुझा खरा प्रश्न, आणि आषाढ-श्रावणात तो सोपा आहे, कारण सध्या दोडका, दुधी, पडवळ, घोसाळी, कारली अशा वेलभाज्यांच्या राजवटीचा काळ चालू आहे. या भाज्यांना नावं ठेवायची पुण्यात फॅशन आहे. दोडका म्हटलं की चेहरे पडतात. मला वाटतं लोकांनी तो पाणी घालून शिजवलेला खाल्लेला असतो.

दोडका असा कर. घरात शिरल्या शिरल्या अर्धी वाटी मुगाची डाळ पाण्यात टाक. हातपाय धू, चहा घे, तोवर डाळ भिजते. दोडक्याच्या वरच्या टोकदार शिरा सुरीने तासून एका ताटलीत काढून ठेव, फेकायच्या नाहीत. उरलेला दोडका चिरून हिंग-मोहरी-हळदीच्या फोडणीवर टाकायचा, निथळलेली डाळ, मिरची, मीठ घालायचं आणि झाकणावर पाणी ठेवायचं. भाजीत थेंबभरही नाही. दोडक्याला स्वतःचंच इतकं पाणी सुटतं की डाळ त्यात शिजते. वरून ओलं खोबरं. तोवर दुसऱ्या शेगडीवर त्या शिरा अगदी बारीक चिरून चमचाभर तेलावर मंद आचेवर परतत ठेव. आधी त्या मऊ पडतील, मग हळूहळू सुकून कुरकुरायला लागतील. घाई केलीस तर बाहेरून करपतील आणि आतून चामट राहतील. कुरकुरल्या की त्यात तीळ, किसलेलं सुकं खोबरं, दोन पाकळ्या लसूण (चातुर्मास पाळत असाल तर राहू दे), तिखट, मीठ आणि पुण्यात राहतेस म्हणून चिमूटभर साखर. गार झाल्यावर हाताने चुरड. ही दोडक्याच्या शिरांची चटणी डब्यात तीन-चार दिवस टिकते आणि भाजीपेक्षा आधी संपते.

दुधीच्या सालीचीही अशीच होते. पण दुधी चिरायच्या आधी एक चकती जिभेला लावून बघायची, ही सवय घरातल्या प्रत्येकाला लाव. कडू लागला तर अख्खा दुधी सरळ मडक्यात, अजिबात हळहळायचं नाही. कुकुर्बिटासिन नावाचं विष त्यात जास्त झालेलं असतं, ते शिजवूनही जात नाही, आणि कडू दुधीचा रस प्यायल्याने माणसं दगावलेली आहेत. तेच दाण्यांचं. पावसाळ्यात शेंगदाण्यांना बुरशी धरते. "पाखडून घेऊ, भाजल्यावर जाईल" असं म्हणत ते कुटात ढकलायचे नाहीत. हिरवे पडलेले, कोंब आलेले बटाटेही नाहीत. वाया घालवायचं नाही या हट्टापायी पोट बिघडवून घेणारी घरं मी बघितली आहेत. तिथली माणसं वर्षभर अभिमानाने ओव्याचा अर्क पीत असतात.

दुसऱ्या दिवशी कुकर. खाली डाळ, मधल्या डब्यात तांदूळ, वर लाल भोपळ्याच्या फोडी सालासकट. शिट्ट्या होऊन वाफ जिरली की वरण, भात आणि भरीत तिन्ही तयार, एकाच गॅसवर. भोपळा कुस्करून त्यात दही, दाण्याचं कूट, मीठ, किंचित साखर, वर हिरवी मिरची आणि जिऱ्याची फोडणी. तिसऱ्या दिवशी भाजी नसेलच घरात, तर पिठलं. पिठल्याला दहा मिनिटं लागतात आणि फ्रीज उघडावा लागत नाही. आठवड्यातून एकदा मटकीची उसळ. शनिवारी सकाळी भिजत टाक, रात्री फडक्यात बांध. या हवेत मोड यायला उन्हाळ्यापेक्षा वेळ लागतो, सोमवार उजाडेल, पण मोड आलेल्या मटकीला कुकर लागत नाही, नुसत्या झाकणाखाली शिजते. कोथिंबिरीची कोवळी देठं आमटीत घाल. ती काढून टाकायची पद्धत कुठून आली देव जाणे, अर्धा वास तिथेच असतो.

शिळं उरलंच तर पोळीचा कुस्करा आणि भाताला फोडणी हे मी तुला शिकवायला नको. फक्त भात रात्रभर ओट्यावर राहू देऊ नको, गार झाला की फ्रीजमध्ये.

आणि तुझ्या घरात दोन महिने मंगळवेढ्याची बाई राहतेय, आणि तू (पत्राच्या मागच्या पानावर लिहिलं आहेस म्हणून सांगते) किनोआची किंमत किती वाढली म्हणून हळहळतेस! अगं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिथल्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी थंडीच्या दवावर आणि मातीत मुरलेल्या ओलीवर येते, तिला गव्हासारखी पाण्याच्या पाळ्यांवर पाळ्या लागत नाहीत. किनोआ वाईट नाही, मूळचा अँडीज पर्वतातल्या लोकांचा, त्यांना तो लखलाभ. तू सासूबाईंकडून भाकरी शिक. थापता आली नाही तर पोळपाटावर, प्लास्टिकच्या कागदाऐवजी ओल्या फडक्यावर. ज्वारी मात्र एकदम दहा किलो दळून आणू नकोस. पावसाळ्यात पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, लवकर जाते, मग भाकरीला कडेने चिरा पडतात आणि आपण आपल्या हाताला दोष देतो. पंधरवड्याला दीड-दोन किलोचं दळण पुरे. उरलेल्या ज्वारीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा की आणखी काही, ते त्यांनाच विचार, त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. हसणं थांबवायचा हाही एक मार्ग आहे.

आता मडकं. तू त्यात काय काय टाकतेस ते लिहिलं नाहीस, पण वासावरून ओळखते: आमटी, दहीभात, उरलेली तेलकट भाजी, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून वरून प्लास्टिक बांधलंस. बरोबर? खत होतं ते हवा लागणाऱ्या जिवाणूंमुळे. ओल वाढली आणि हवा कोंडली की ते मरतात, मग बिनहवेचे जिवाणू कामाला लागतात आणि ते घाण वास सोडतात. म्हणजे बिघाड मडक्याचा नाही, कोरड्या मालाचा तुटवडा आहे. कोरडं म्हणजे वाळलेली पानं. ती तुला आत्ता मिळणार नाहीत, कारण आपल्याकडे पानगळ जानेवारी ते मार्च. तेव्हा पुण्यातल्या रस्त्यांवर ढीग असतात आणि काही मूर्ख लोक ते जाळतात. पुढच्या फेब्रुवारीत दोन पोती भरून जिन्याखाली ठेव, सोसायटीचा माळी आनंदाने देईल. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं मिळाली तर सोनं, ती चुरावीही लागत नाहीत.

यंदापुरतं काय? अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून, पार्सलची खोकी चिकटपट्टी काढून फाडून, नारळाची शेंडी पिंजून. लाकडाच्या वखारीतला भुसा चालेल, पण फर्निचरवाल्याकडचा प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. रसवंती चालू असेल तर तिथलं चिपाड वाळवून, तुकडे करून. आता येत्या सुट्टीच्या दिवशी असं कर: गॅलरीत जुनं पोतं अंथर, मडक्यातला सगळा लगदा त्यावर ओत, नाकाला रुमाल बांध. त्याच्या बरोबरीने हे कोरडं मिसळ आणि हाताने मुठीत दाबून बघ. मूठ ओलसर व्हावी, पाणी गळू नये. गळलं तर अजून पुठ्ठा. मग पुन्हा मडक्यात, तळाशी शेंडीचा थर. मडक्याला बाजूने भोकं असतील तर ती मोकळी कर, प्लास्टिक काढ, आणि मडकं आतल्या भिंतीला सरकव, म्हणजे पावसाची झड लागणार नाही. रोजचा ओला कचरा बारीक चिरून, त्यावर तेवढंच कोरडं, आठवड्यातून दोनदा काठीने ढवळायचं. आंबट ताक शिंपडलंस तर काम जरा लवकर सुरू होतं. आमटी, तेल, दूध, हाडं यांना प्रवेश नाही. दोन दिवसांत वास जायला हवा.

अळ्यांना घाबरू नकोस. बहुतेक त्या काळ्या सैनिक माशीच्या आहेत, घरमाशीच्या नव्हेत. ती माशी जेवणावर बसत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने खातात. नको वाटत असतील तर वरून कोरड्याचा जाड थर देत जा, कमी होतील. दीड-दोन महिन्यांत खत होतं, पावसात थोडं जास्त. काळसर, मोकळं, पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास आला की झालं.

तिकडे शेजारच्या काकूंना ग्रुपवर उत्तर देत बसू नकोस. वाटीभर दोडक्याच्या शिरांची चटणी घेऊन जा आणि सांग, चुकलं होतं, दुरुस्त केलंय. पुढचं खत झालं की त्यांच्या कुंडीला ओंजळभर.

सोसायटीत खताचा प्रकल्प आहे का, हेही विचार. मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवणं बंधनकारक आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तो खड्डा नुसता दाखवण्यापुरता असतो. खरोखर चालू असलेल्या प्रकल्पाला पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते. एक सोय असली तर 5 टक्के, सौर ऊर्जेची किंवा पर्जन्यजल साठवायची जोड असली तर 10 टक्क्यांपर्यंत. हे आकडे सभेत ऐकवले की पर्यावरणावर न बोलणारेही बोलायला लागतात. तिथला प्रकल्प चांगला चालत असेल तर तुझी मडकी धुऊन त्यात अळू लाव, माझी काही हरकत नाही.

सुका कचरा नेणाऱ्या ताईंकडे मात्र आपण माणूस म्हणून बघायला हवं. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेबरोबर काम करते. तिच्या मागे 1993 पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. आपण एका पिशवीत कोंबलेलं त्या बायका हाताने वेगळं करतात, आणि न वेगळं केलेलं वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोत, तिथल्या लोकांच्या दारात जाऊन पडलं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळं द्यायचं, म्हणजे त्यांना ते उघडून बघावं लागत नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नकोस, लोंबता ठेव. तो तुटलेला चिमुकला तुकडा कुणालाच वेचता येत नाही. पिशवी विसळून, वाळवून साठव, रद्दीवाला घेतो.

तू आणलेल्या बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. काचेच्या नव्या बरण्या आणायचं थांबव, लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या त्याच कामाच्या. घरात आहेत ते प्लास्टिकचे डबे "विषारी" म्हणून एकदम फेकून दिलेस तर तूच कचरा केलास. कोरडं धान्य ठेव त्यात, गरम काही ओतू नको, फुटेपर्यंत वापर. स्टीलच्या स्ट्रॉची गरज मला कधीच कळली नाही, पेल्याला ओठ लावता येतो. भांडी घासायला घोसाळं: वेलावरच जून होऊन वाळलेलं घोसाळं सोलून, बिया झटकून, तुकडे कर. जाळी घासायला उत्तम, आणि झिजलं की मडक्यात. लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम करायचं असेल तर एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पण प्लास्टिकच्या बाटलीतच, आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करायचं, नाहीतर वायू साठून फुटते. फरशी पुसायला बरं आहे. त्याने सगळं जग साफ होतं असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस.

राहता राहिला नवरा. त्याला फॅड वाटतं, कारण सगळं तू करतेस आणि तो प्रेक्षक आहे. भाजी आणायचं काम त्याच्याकडे दे. यादी न देता, शंभरची एक नोट आणि कापडी पिशवी देऊन. पहिल्यांदा तो मेथीच्या तीन जुड्या आणेल. काही बोलू नकोस, त्याच रात्री त्यालाच निवडायला बसव. आठवड्यातून दोनदा मडकं ढवळायचं कामही त्याचंच. महिनाभराने तोच तुला सांगेल की दोडका कुणाकडे कोवळा मिळतो. तेव्हा हसू नकोस.

ता.क. मध्ये तू विचारलं आहेस की कर्टुली फार महाग आहेत, मग ती घेणं "सस्टेनेबल" आहे का. मुळशी-मावळकडच्या बायका टोपलीत कर्टुली, टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बसतात, ते त्यांनी रानात हिंडून काट्याकुट्यातून काढलेलं असतं. पेरलेलं नसतं, फवारलेलं नसतं, आणि वर्षातून थोडेच दिवस दिसतं. रानभाजी मात्र त्यांच्याकडूनच घे. ओळख पटल्याशिवाय नाल्याकाठचं, रस्त्याकडेचं स्वतः खुडायला जाऊ नकोस. कशी करायची तेही तिथेच विचार, भाव करण्यापेक्षा ते बोलणं जास्त उपयोगी. कर्टुली स्वच्छ धुऊन, पातळ काचऱ्या करून, भरपूर कांद्यावर, पाणी न घालता. कोवळी असतील तर बियांसकट, जून निघाली तर तेवढ्या बिया काढ. शेवटी ओलं खोबरं आणि थोडा गूळ. पावशेर घे. तिघांना पुरतात.